आजोबांनी धरलेला बोल्ट

३ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
वही सुरू. गॅरेजमध्ये बसलेय, हॅल्वर आजोबांच्या काडतुसं भरायच्या टेबलाशी. ते एप्रिलमध्ये गेले. खुर्ची अजून त्यांचीच आहे. मी स्टुलावर. शेजारी मांसाचा जुना फ्रीजर गुरगुरतोय.
निश्चय: २६ तारखेला शिकारीचा सीझन उघडतो. त्या दिवशी आजोबांची रायफल, मी भरलेलं काडतूस आणि एक एल्क, घोड्याएवढं हरीण. लेलंडमामा म्हणाला, "शाळा सोडलीस, प्रोफेसरबाई, हेही अर्ध्यात सोडशील. एल्क आणलंस तर टेबल तुझं. नाहीतर मोडून तिथे माझी बर्फावरची स्नोमोबिल."  मनात त्याला चांगलंच सुनावलं.

५ ऑक्टोबर
आजोबांचं कार्ड सापडलं! ह्या रायफलीचं माप, गोळी कुठली, बंदुकीच्या दारूची पावडर किती, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात. खाली दोन रेघा: इथेच थांबायचं.
पुस्तक म्हणतं, कमी पावडरने सुरू करा, हळूहळू वाढवा, दर वेळी रिकामं काडतूस तपासा. पण आजोबा ह्या पायऱ्या तीस वर्षं चढलेच आहेत की! मी परत खालून कशाला? सरळ दोन रेघांवर.

८ ऑक्टोबर
आजोबांची जुनी काडतुसं तोंडाशी तडकलेली. फेकली. मी काम करते त्या पशुखाद्याच्या दुकानात कुणीतरी कॉफीचा डबा भरून लष्करातली रिकामी काडतुसं ठेवून गेलंय. फुकट. पितळ जाड. जाड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे जास्त सेफ. हे शाळेत शिकवत नाहीत.
संध्याकाळी पावडर मोजताना वजनाचा काटा थरथरायला लागला. दार बंद, वारा नाही. माझ्या मानेवर काटा आला. आजोबाच.

१२ ऑक्टोबर
खडीच्या खाणीत गेले, एकटीच. पहिला बार. खांद्याला जबरदस्त लाथ. बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारा दांडा, उघडेचना. तळहाताने ठोकला तेव्हा उघडला.
मग कळलं. आजोबांनी धरून ठेवला होता. रायफलीला कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मी मोठ्याने म्हणाले, "आजोबा, मी आहे, सिग्ने." पुढच्या वेळी जरा कमी ठोकावा लागला.
रडले नाही. खाणीत धूळ फार.

१५ ऑक्टोबर
रिकाम्या काडतुसाच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी चेपून सपाट झालीय. बुडावर चकचकीत डाग. पुस्तकात लिहिलंय, ही जास्त दाबाची खूण, ताबडतोब थांबा. पुस्तकाला आजोबा माहीत नाहीत. डाग नीट बघितला. बोट टेकवल्यासारखा आहे.

१९ ऑक्टोबर
मामाने विचारलं, रायफलीजवळ लाकडी हातोडी कशाला? खिळे ठोकतेस का तिने? मी हो म्हणाले. तो म्हणाला, बोल्ट अडत असेल तर बर्डेटला दाखव. बर्डेट बंदुका दुरुस्त करतो.
वाक्य पाठ केलं: "जरा हे बघता का?" त्याच्या दुकानासमोरून दोनदा गेले. आत गिऱ्हाईक होतं. दुसऱ्यांदा नव्हतं. तरी परत आले.
निश्चय: सीझननंतर नक्की.

२६ ऑक्टोबर, दुपारी
डाव्या हाताने लिहितेय.
काडतुसं थंडीत गारठू नयेत म्हणून गाडीत हीटरसमोर ठेवली होती. एल्क ऐंशी पावलांवर आलं. आजोबांचा पिवळा चष्मा लावला होता, नुसता त्यांची आठवण म्हणून. बार केला. फस्स! गरम वाफ तोंडावर, हाताला चटका. गालात पितळेचा कण. चष्म्याला डोळ्यासमोरच खड्डा पडलाय.
एल्क चालत गेलं. धावलंसुद्धा नाही.
बोल्ट हातोडीनेही उघडत नाही.

२९ ऑक्टोबर
मामाने बर्डेटकडे नेलं. वाक्य लागलंच नाही.
बर्डेटने आजोबा वापरायचे तसलं रिकामं काडतूस पाण्याने काठोकाठ भरलं. ते पाणी माझ्या लष्करी काडतुसात ओतलं. बाहेर सांडलं. तो म्हणाला, "पितळ जाड, म्हणून आत जागा कमी, बाळा. तेवढीच पावडर लहान जागेत कोंबलीस, दाब वाढला. वर हीटरसमोर तापवलंस, आणखी वाढला. हॅल्वरच्या रेघा हॅल्वरच्या काडतुसापुरत्या." रायफल संपली म्हणाला.
मी विचारलं, बोल्ट मग कोण धरत होतं?
म्हणाला, "कोण म्हणजे? पितळ फुगून अडकत होतं."
मामाने रायफल उचलून गाडीत ठेवली. 

२ नोव्हेंबर
टेबल सोमवारी मोडणार.
वजनाचं पारडं रिकामं ठेवून काट्यासमोर बसले. काटा थरथरला. शेजारी फ्रीजर गुरगुरत होता. त्याचा प्लग काढला. काटा थांबला.
स्टूल सरकवून बसले. आजोबांच्या खुर्चीत.
मग प्लग परत लावला.