नमुन्याचा गूळ

करांगलुमुत,
१४ जानेवारी २०२४

ति. वुर्यानीताईस,
धाकट्या तार्विनचा सलाम वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तुझी खुशाली सेमारांगला जाणाऱ्या लॉरीवाल्याकडून कळते, कारण तू फोन उचलत नाहीस. अकरा वेळा लावला. शेवटी तुझ्या कचेरीतल्या एका मुलीने सांगितलं, की गोड सोया सॉसच्या कारखान्याच्या खरेदीप्रमुख बाई निविदा पुरी होईपर्यंत नात्यातल्या पुरवठादाराशी बोलत नाहीत. जे काय असेल ते पत्राने कळवा, त्याची प्रत फाइलला लागेल. म्हणजे सख्ख्या बहिणीला लिहिलेलं आधी कुणीतरी साहेब वाचणार. वाचा साहेब, तुम्हालाही सलाम. आमच्या आईचे गुडघे दुखतात, तेही फाइलला लावा.

आता कामाचं. तुमचं नवं परिपत्रक मिळालं. आजवर महिन्याला आठ टन माडाचा गूळ घेत होता, आता चौदा टन द्या म्हणता. वर प्रत्येक माडावर चढणाऱ्याचं नाव द्या, त्याचे माड किती ते द्या, आणि गुळात टिकवायचं रासायनिक औषध सापडलं तर बाहेर. ताई, हे परिपत्रक लिहिणाऱ्याने पावसाळ्यात नीरा कधी उतरवली आहे का? दोन तासांत आंबते ती. आंबली की गूळ धरत नाही, नुसता चिकट राडा होतो. चुना आणि मँगोस्टीनची साल घालून ती टिकवायची तर बाईला पहाटेपासून चुलीपाशी बसावं लागतं. चिमूटभर औषध टाकलं की झालं. सगळे टाकतात. मी टाकू देत नाही, हे तुला माहीत आहे. पण चौदा टन म्हणजे काय, ते तुला माहीत नसावं.

याच गुळावर तू शिकलीस. बाबा गेल्यावर मी शाळा सोडून तराजू हातात घेतला तो तुझी फी जावी म्हणून. आता तूच माझ्यापुढे परीक्षेचा पेपर टाकतेस. छान.

लोभ वाढावा असं लिहायची पद्धत आहे. आहे तेवढा पुरे.

तुझा,
तार्विन


सेमारांग,
२२ जानेवारी

चि. तार्विन यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवते आहे. ते पुरवठादाराला नव्हे, आईला, याची नोंद साहेबांनी घ्यावी.

तू मला शाळेची फी ऐकवलीस. तू ती दर दोन वर्षांनी ऐकवतोस, म्हणून नवल वाटलं नाही. पण एक लक्षात घे. तू माझा भाऊ आहेस हे मी या खुर्चीवर बसले त्याच दिवशी लिहून दिलं. त्यावर ठरलं, की बाईंनी काम पाहावं, पण या पुरवठादाराशी तोंडी बोलू नये आणि अखेरचा निर्णय संचालक लुकितो साहेबांनी घ्यावा. हा नियम मला जाचतो, तुझ्यापेक्षा जास्त. आईशी बोलायचं तर शेजारणीच्या फोनवर बोलते, तेही तू गोदामात असशील अशा वेळी.

चौदा टन का, तर डिसेंबरात गूळ संपला आणि बाटल्या भरायचं काम तीन दिवस बंद पडलं. साडेतीनशे माणसं हात बांधून उभी होती. काम चालू असतं तेव्हा खरेदीवाल्याची कुणाला आठवण येत नाही. थांबलं की सगळे माझ्या दारात. एकाला स्वस्त हवं, दुसऱ्याला भरपूर, तिसऱ्याला कोणत्या माडाचा गूळ ते हवं, कारण परदेशी गिऱ्हाईक विचारतं. मी तिघांनाही हो म्हणते आणि घरी येऊन डोक्याला तेल चोळते. तुझ्याऐवजी दुसरा काय पर्याय आहे ते मला पत्रात लिहिता येत नाही. एवढंच सांगते, तो पर्याय तुला आवडणार नाही.

जमणार नसेल तर चौदाला नाही म्हण. आठला हो म्हणणारा पुरवठादार मला परवडेल. चौदाला हो म्हणून भलतंच करणारा परवडणार नाही.

नमुना घ्यायला प्रासेत्यो नावाचा तरुण येईल. त्याच्याशी नीट वाग.

आशीर्वाद आहेतच, राग आला तरी ते माघारी घेता येत नाहीत.

वुर्यानी


करांगलुमुत,
९ फेब्रुवारी

ति. ताईस,
सलाम वि. वि.

नाही म्हण म्हणतेस? मी आठला हो म्हणालो, की उरलेले सहा दुसरा कुणीतरी देईल. पुढच्या वर्षी तोच आठही देईल, आणि मी गोदामाच्या पायरीवर माशा मारत बसेन. तुझ्या खुर्चीवरून हे दिसत नाही, पायरीवरून दिसतं. मी चौदाला हो लिहून दिलं आहे. दोनशे बारा जणांची यादी सोबत जोडली आहे. नावं, माड, सगळं. घे.

तुमचा प्रासेत्यो येऊन गेला. पोरगा बरा आहे, लाजरा. मी खाली वजनकाट्यावर होतो, म्हणून आईनेच त्याला घरात बसवलं. भात, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, फणसाची भाजी असं पोटभर वाढलं. त्याने तीनदा पुरे म्हटलं, आईने चारदा वाढलं. जाताना माझ्याशी हात मिळवून म्हणाला, की इतका चांगला गूळ त्याने दोन वर्षांत पाहिला नाही. ऐकलंस का? आता तुझी प्रयोगशाळा काय म्हणते ते बघू. तुझ्या फाइलवाल्या साहेबांनाही थोडा चाखायला दे, पत्रं वाचून त्यांचं तोंड कडू झालं असेल.

लोभाचं तुझ्यावर सोपवतो.

तार्विन


सेमारांग,
२० फेब्रुवारी

चि. तार्विन,
आशीर्वाद.

प्रयोगशाळेचा निकाल आला. औषधाचा अंशही नाही. उत्कृष्ट असा शेरा आहे.

नमुन्याची उरलेली ढेप मी टेबलावर मागवून घेतली. ती करवंटीत ओतलेली आहे. आपल्या गावात गेली वीस वर्षं सगळे बांबूच्या कड्यांत गूळ ओततात, चपटा, सारख्या मापाचा. करवंटीत ओतते ती फक्त आई. ढेपेच्या पाठीवर तिरकी रेघ आहे. ती तिच्या तडकलेल्या करवंटीची. त्या रेघेवर फोडलेल्या गुळाचा मोठा तुकडा कुणाचा, यावरून आपण दोघं भांडायचो.

मी प्रासेत्योला बोलावलं. बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, आजींनी केळीच्या पानात बांधून गूळ हातात ठेवला, नाही म्हणवेना. मग त्यांच्यादेखत पुन्हा ढिगातला गूळ उचलायला जाणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं, म्हणून तोच नमुन्याच्या पिशवीत घातला. त्याच्या जागी आपल्याकडच्या कुठल्याही भल्या घरच्या मुलाने हेच केलं असतं.

हा गूळ तुझ्या गोदामातला नाही, असं मी फाइलवर लिहिलं आहे. इथे दुसऱ्या कुणालाही ते कळलं नसतं. म्हणूनच मला लिहावं लागलं. ढिगातला नमुना घ्यायला दुसरा माणूस उद्या निघतो आहे. तो घरात येणार नाही, आईने वाईट वाटून घेऊ नये.

वुर्यानी


करांगलुमुत,
२७ फेब्रुवारी

वुर्यानीताई,

सलाम राहू दे.

तुझा माणूस आला, ढिगात हात घालून गेला, पाणीसुद्धा प्यायला नाही. आई दारात पेला घेऊन उभी. सगळ्या गावाने बघितलं.

त्या ढेपेवरची रेघ जगात चौघांना माहीत होती. बाबा गेले. आई बोलणार नाही, मी बोलणार नाही. उरली कोण? गप्प बसायचं होतं फक्त. खोटं बोल असं कुणी म्हटलं नव्हतं. पण तुला तुझं नाव स्वच्छ ठेवायचं होतं, आणि त्यासाठी पाय पुसायला घरचंच पोतं सापडलं. निकालाची वाट कशाला बघू? सांगतो काय सापडेल ते. औषध सापडेल. चौदा टन म्हणालीस ना? माझ्या माणसांचे माड तेवढा गूळ देत नाहीत. महिना झाला, पलीकडच्या खोऱ्यातल्या व्यापाऱ्याकडून पाच-सहा टन घेतो आहे. त्याचा गूळ पिवळाधमक असतो. तसा पिवळा गूळ आपल्या चुलीवर कधीच निघत नाही, हे मलाही कळतं. यादीतली पंचाहत्तर नावं त्याच्याच माणसांची आहेत. आईने पोराला काय दिलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मी गप्प बसलो. हो, बसलो. जे तुला जमलं नाही ते मला जमलं.

फाइलला लाव.

तार्विन


करांगलुमुत,
४ मार्च

चि. सौ. वुर्यानी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही आशीर्वाद, मुलांना पापे.

मलम मिळालं, फरक आहे. तू आणि तार्विन पुन्हा भांडता आहात ना? तो जेवत नाही, ताट ढकलून उठतो. मला नीट सांगत नाही, पण त्या पाहुण्याला मी गूळ दिला त्यावरून झालं, एवढं कळलं.

पोरी, त्यात माझं काय चुकलं ते मला समजावून सांग. एवढ्या लांबून मुलगा आला, घरात जेवला. गूळ बघायचा आहे म्हणाला. मी त्याला गोदामातला देऊ? तो पिवळा गूळ आपण घरात खात नाही. नातवंडांना मी त्याला हात लावू देत नाही, पोटात दुखतं त्यांच्या. घरात आपण खात नाही ते पाहुण्याला कसं द्यायचं? म्हणून मी केलेला दिला.

तुला साहेब रागावले असतील तर माझं हे पत्र त्यांना दाखव. म्हातारीची चूक झाली म्हणावं, मुलांना काही माहीत नव्हतं.

रमजान लागतो आहे. तब्येतीला जप. ईदला ये.

तुझी आई


सेमारांग,
१२ मार्च

चि. तार्विन,
आशीर्वाद.

आईचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि फाइलला लावलं. तिनेच दाखव म्हटलं होतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि त्या पाहुण्याच्या वाक्याशी थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, की बाई, तुमच्या घरचे जे खात नाहीत ते आपण लाखो घरांत पाठवणार होतो. तुझ्याकडे याला उत्तर असेल तर कळव.

तू माझ्या नावाबद्दल लिहिलंस. आता जाहीर झालं आहे म्हणून सांगते. दोन वर्षं साहेब म्हणत होते, की ही खेड्यापाड्यातली कटकट सोडा, एकाच मोठ्या गिरणीकडून उसाची साखर आणि रंग घ्या, स्वस्त आणि हवी तेवढी. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आले, की आमच्या माडांचा गूळ शुद्ध आहे, मी त्यावर वाढले आहे. चौदा टनही त्यासाठीच मागितले. माडवाले पुरे पडत नाहीत, हे म्हणायला त्यांना जागा राहू नये म्हणून. तुझ्या ढिगात औषध निघालं आणि त्यांचं काम सोपं झालं. आणि तू मला विचारतोस, गप्प का बसली नाहीस. मी गप्प बसले असते तर सहा महिन्यांनी परदेशी गिऱ्हाइकाने तपासलं असतं. मग एकटा तू नाही, त्या सगळ्या डोंगरावरचा प्रत्येक माड गेला असता. आणि आकड्यांमागे लागून मी तुझ्यावर चौदा टन लादले, ही माझी चूक आहे. तीही मी फाइलवर लिहिली आहे. तुझ्या चुकीने माझी पुसली जात नाही आणि माझ्या चुकीने तुझी.

साहेबांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे. ज्यांचा गूळ खरोखर त्यांच्याच माडांचा आहे, त्यांची खरी यादी आली आणि प्रत्येकाचा नमुना स्वच्छ निघाला, तर आठ टन त्यांच्याकडून घेऊ. नाही आली तर दोनशे बाराही बाहेर. पण चुकीचा नमुना ठाऊक असून जो पुरवठादार गप्प बसतो, तो तीन वर्षं बाहेर, असा नियम आहे. तो मी स्वतः लिहिला, चार वर्षांपूर्वी. त्यामुळे ती यादी तुझ्या नावावर येऊ शकत नाही. बाबांचा तराजू दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा लागेल. हे लिहिताना मला बरं वाटतं असं समजू नकोस, आणि मी रडते आहे असंही समजू नकोस.

वुर्यानी


करांगलुमुत,
२१ मे

ति. वुर्यानीताईस,
सलाम वि. वि.

यादी तुला मार्चअखेर मिळाली, तिच्यासोबत पत्र लिहिलं नाही कारण शिव्यांखेरीज काही सुचत नव्हतं. एकशे सदतीस नावं, सगळी खरी. सगळ्यांचे नमुने पास झाले हेही कळलं. आठ टन सुतिनाहबाईंच्या नावावर गेले, ठीक झालं. चाळीस वर्षं चुलीपाशी बसलेली बाई आहे, तिला फसवणं सोपं नाही. बाबांचा तराजू मी स्वतः तिच्या ओसरीवर नेऊन ठेवला. तिने पैसे विचारले, मी घेतले नाहीत.

ईदला तू आलीस. धाकट्याने थोरल्यापुढे गुडघे टेकून वर्षभराची माफी मागायची असते, म्हणून मी मुद्दाम दोन दिवस बायकोच्या माहेरी जाऊन राहिलो. आई रडली, माझी बायको अजून बोलत नाही. पण तुझ्यापुढे त्या वेळी गुडघे टेकले असते तर ते नुसतं नाटक झालं असतं. तू ते ओळखलं असतंस आणि कुठेतरी लिहून ठेवलं असतंस. मी तुला माफ केलेलं नाही, हेही लिहून ठेव. फोन करू नकोस, आता नियम नसला तरी.

घरचे अठरा माड आहेत. भाड्याने दिले होते, ते परत घेतले आणि स्वतः चढतो आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी. पहिल्या आठवड्यात मांड्यांनी दाद दिली नाही, आता जरा बरं आहे. नीरा मीच उतरवतो आणि मीच आटवतो, आई शेजारी बसून चुका काढते. औषध नाही, चुना आणि साल. कळलं, की पहाटे उठणं म्हणजे काय. इतकी वर्षं मी या लोकांचा गूळ तराजूत टाकून, कपाळाला आठी घालून, काळा आहे, ओला आहे म्हणत आलो.

काल माझा पहिला लॉट सुतिनाहबाईंकडे घेऊन गेलो. अकरा किलो. तिने ढेप फोडली, वास घेतला, चाखली, आणि सगळ्यांदेखत अर्धा गूळ माझ्या टोपलीत परत टाकला. खाली करपला आहे, म्हणाली. मी तसाच टोपली उचलून घरी आलो आणि चुलीपाशी बसून एक तुकडा चाखला.

बरोबर होतं तिचं.

तुझा धाकटा,
तार्विन