पायाचं पार्सल

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. अपघातानंतर बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडलं. इस्पितळात माप घेऊन तुमच्या केंद्राने बनवून दिलेला नकली पाय घालून गल्ल्यावर उभा राहतो, पँट घातली की कुणाच्या लक्षातही येत नाही. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या अपघाताची नुसती आवईच होती वाटतं. मी हसलो आणि त्याच्या गळ्यात दोन बिजागऱ्या जास्त मारल्या.

एकच तक्रार, पाय हल्ली सैल होतो. नळ गळला की वायसर घालतात, तसा रबराचा तुकडा कापून आत बसवलाय. तरी तू एक नंबर लहान पाय पार्सलने पाठव. माल पटला तर ठेवायचा, नाही तर बदलून घ्यायचा, एवढाच व्यवहार मला कळतो. तिथे येऊन कुणासमोर तो पाय उघडा करून बसणं माझ्याने होणार नाही, तुझ्यासमोरही नाही. राग धरू नकोस.

तुझ्या मायेचा हक्कदार,
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वायसरचं वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. आधी तो रबराचा तुकडा काढ. गुडघ्याखाली उरलेला पाय पहिले काही महिने आटत जातो, म्हणून तो ज्या वाटीत बसतो ती सैल होते. तिथे रबर कोंबलं की भार भलत्याच जागी येतो आणि कातडी सोलवटते.

लहान नंबरचा पाय मी पाठवणार नाही. तुझ्या बिजागऱ्या फळीवर वर्षभर पडून राहिल्या तरी बिघडत नाही. कुणीही नेतो, नाही पटली तर परत आणतो. पाय ही तशी वस्तू अर्धीच आहे. उरलेलं अर्धं काम म्हणजे तुला चार पावलं चालवायचं, कुठे टोचतंय ते हाताने बघायचं, वाटी घासायची आणि पुन्हा चालवायचं. ते आज करून तुझ्यासाठी फळीवर ठेवता येत नाही. पार्सलमध्ये घालता येत नाही. ज्या घडीला मी ते करीन, त्या घडीला तू समोर लागतोस. त्याला माझा इलाज नाही.

कातडी लाल झाली आहे का ते खरं लिही. थापा मारण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, हे मी विसरलेले नाही.

तुझ्या काळजीत,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. नकली पायाच्या आत घालायचा मोजा धुवायला घेतला, तर त्याला रक्त आणि घाण वास. विचारलं तर म्हणाले, घाम आहे. खोलीत एकटेच बसून काहीतरी बांधतात. मला अजून एकदाही पाहू दिलेलं नाही. इतकी वर्षं संसार केला आणि आता मी तिऱ्हाइतासारखी बाहेर उभी असते.

शेवटी मीच डॉक्टरांना दुकानात घेऊन आले. जखम पाहून ते म्हणाले की ती चिघळली आहे, पाय घालणं आजच्या आज बंद करा, वर चढली तर गुडघाही काढावा लागेल. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा पाय घालून गल्ल्यावर. कुबड्या पाहिल्या की लोक कीव करायला येतील, खरेदीला नाही, असं म्हणतात. माझी मती गुंग झाली आहे. काय करू ते सांगा.

तुमच्या आधारावर असलेली,
भावजय

१८ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद.

त्याचा पाय काढून घे. चिडला तर चिडू दे. मी आत्ता निघून आले असते, पण इथली भट्टी आणि घासायचं यंत्र काही पिशवीत भरून आणता येत नाही. आमच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. कसंही करून त्याला इकडे पाठव. मी घाबरले आहे. हे तुला सांगते, त्याला कळू देऊ नकोस.

तुझ्या पाठीशी असलेली,
वन्सं

२३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. हे आंघोळीला गेले असताना पाय कपाटात टाकला आणि दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लावलं. चोर हात टेकेल असं सांगून हे विकतात ना, तेच. यांनीही हात टेकले. मग माझ्याशी बोलणंच टाकलं.

आज सकाळी खांद्याला पिशवी अडकवून, कुबड्यांवर भर रस्त्यातून निघून गेले. समोरचे दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघत होते. तुमच्याकडे पोचले का? की दुसरा पाय विकत आणायला गेले? जीव थाऱ्यावर नाही. पोचले तर लगेच तार करा.

तुमची,
भावजय

१ मार्च

सौ. मालकीणबाईंस,
सप्रेम नमस्कार.

मी पोचल्याचं ताईच्या तारेने तुला कळलंच असेल. पण मी निघालो होतो दुसरा पाय विकत घ्यायलाच. इथल्या बाजारात दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात तयार पाय टांगलेले असतात. दुकानदार भला माणूस. त्याने नंबर विचारला, एक पाय काढून दिला आणि पावती फाडायला घेतली. माझ्या जखमेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला तेच हवं होतं, आणि मी स्वतः आजवर असंच विकत आलो. तरी तो माझ्याने घेववेना. पाय तिथेच ठेवला आणि तडक ताईकडे आलो.

ताईने पट्टी सोडली. ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसून नुसती बघत राहिली आणि मग रडली. मलाही आवरलं नाही. त्यानंतर डॉक्टरांनी जखम साफ केली. गुडघा बहुतेक वाचेल, असं काल ते पहिल्यांदा म्हणाले. नवा पाय जखम भरल्यावरच मिळेल.

तोवर रोज खालून वर, तिरकी आणि बेताच्या ताणाने पट्टी बांधायची आहे. माझी मी बांधली की ती सैल पडते. घरी गेल्यावर कोण बांधणार, असं ताईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझा मी. आज मीच तिला सांगितलं की तुला बोलावून घेतो.

दुकान बंद ठेव आणि ये. ताई तुला शिकवील, मी समोर बसून राहीन. पाहिल्यावर तुझा चेहरा कसा होईल, याची मला फार भीती वाटते. तरी ये.

वाट पाहणारा,
तुझाच