एका दमाची रेघ

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉम्प्युटर नुसता लांबून पाहिला होता, त्यामुळे मी आता काय करते हे तुम्हाला सांगणं अवघडच. पावसाचे, बाजारभावाचे, गाण्यातल्या सुरांचे आकडे घ्यायचे आणि कोड लिहून त्यांची चित्रं काढायची. लोक ती भिंतीवर लावतात. माय म्हणते, "रांगोळीच हाय की, हात न लावता काढलेली."

यंदा तुमचं चित्र काढायला घेतलं. सेनगावच्या एका लग्नाची जुनी कॅसेट मामाकडे सापडली. नवरदेव घोड्यावर, परण्याची मिरवणूक मारुतीच्या पारापाशी थांबलेली, आणि बँडच्या पुढं तुमचं क्लॅरनेट. ते ऐकताना चूल आठवली. चुलीपाशी बसून तुम्ही क्लॅरनेट पुसताय, आणि मी त्याच्या तोंडाची पत्ती उचलून पिपाणीसारखी फुंकते. तुम्ही हात धरता. "तुटली मंजी? नवरदेवाला शीळ मारून नेऊ का?" रागावताय की हसताय, मला कळत नाही.

कोड सोपा होता. एका दमात जितका वेळ फुंकलंत तितकी लांब रेघ. सूर चढला की केशरी, उतरला की निळी. श्वास घेतलात की रेघ तुटते. पहिल्या गाण्याच्या रेघा पडदाभर गेल्या. शेवटच्या गाण्यात मात्र काडेपेटी सांडावी तसे नुसते तुकडे. त्या लग्नसराईनंतर तुम्ही अंथरूण धरलं ते कायमचं. तोवर तुमच्या खोकल्याला घरात सगळे म्हणत होतो, धूळ लागली असेल.

शेजारी तुमच्या धाकट्या लेकाचं चित्र लावायचं होतं. तुमचं क्लॅरनेट आता तो वाजवतो. साखऱ्याला घरी गेले, दुपारी ओट्यावर बसवून त्याला वाजवायला लावलं. रेघा उमटत गेल्या. आधी लांब, मग आखूड, मग तुकडे. अगदी तुमच्यासारखे. माझंच काहीतरी चुकलं असावं म्हणून कोड पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडावी असं इतकं कधी वाटलं नव्हतं.

"खोकला येतो का रे?"

"लग्नसराई हाय ताई. दम लागतोच."

"आणि रात्री घाम?"

त्यानं क्लॅरनेट मांडीवर ठेवलं. म्हणाला, "मायनं सांगितलं का तुला?"

मी लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. दोन्ही चित्रं त्यानं बराच वेळ पाहिली. "आबाला बी असंच व्हऊन राहिलं होतं का?" त्यानं विचारलं. मी सकाळच्या एसटीची वेळ पाहिली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं हिंगोलीला गेलो. संध्याकाळी लग्नात वाजवायची सुपारी होती म्हणून तो क्लॅरनेटची पेटी मांडीवर घेऊन दवाखान्यात बसलेला. आतून त्याचं नाव पुकारलं तेव्हा उठायचं त्याला होतं आणि आधी उभी मी राहिले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. डाग होता. थुंकी तपासल्यावर टीबी निघाला. "वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवल्या नाहीत तर बरा होईल."

नाही चुकवल्या, आबा. माय ताटासोबत गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. तो बरा झाला. अंगानं भरलाय. डॉक्टरीणबाईंनीच त्याला पुन्हा वाजवायची परवानगी दिली.

माझी भीती मात्र बरी झाली नाही. मायचा फोन आला की ती काय बोलते ते ऐकूच येत नाही, मधे श्वास किती वेळा घेते तेच मी ऐकत राहते. दोन चित्रं शेजारी लावायचं ते राहूनच गेलं.

परवा डोंगरकड्याच्या लग्नात तो वाजवून आला आणि हौसेनं रेकॉर्डिंग पाठवलं. "लाव तुझ्या मशीनला. बघ आता कशा लांब येत्यात." मी लगेच कळवलं, फार लांब आल्या रे, पडद्यात मावेनात.

हे पत्र त्याच्या हाती लागता कामा नये. ते रेकॉर्डिंग मी अजून उघडलेलंसुद्धा नाही.