मावशीच्या दुकानामागची खोली

शुक्रवार, अल सद्द

ताईचं पार्सल इकडे आखातात आलं. भाजणी, मेतकूट, फुलवाती. टपालखर्च नऊशे ऐंशी रुपये, म्हणजे भाजणीहून महाग.

संध्याकाळी ह्यांचं वाचनमंडळ आपल्याकडे जमलं. विषय, त्या आयरिश लेखकाचं लहानपण आणि त्याची लिहिणारी मित्रमंडळी. ताईने दिवाळीत पाठवलेलं त्याचं मराठी चरित्र मी दोनदा वाचलंय. रोज अंघोळीनंतर, देवापुढे बसून, एक प्रकरण. मग लाल फडक्यात बांधून पोथ्यांबरोबर ठेवते. वाचायची दुसरी रीत मला येत नाही.

हे सांगत होते, सगळे त्याच्या वडिलांच्या घरी जमत. वडिलांच्या कुठल्या? ते दारूपायी घर घालवून बसले होते. मंडळी जमायची त्याच्या मावशीच्या पावाच्या दुकानामागे. उरलेला पाव ती त्यांच्यापुढे ठेवायची. मी तेवढंच म्हटलं.

कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "अय्या, तुम्ही वाचलंय?" मी तोंड उघडायच्या आत हे हसले. "ती कसली वाचते. ती आणि तिच्या पोथ्या. अगं, चहा टाक."

आणि मी टाकला. ह्यांच्यापेक्षा मला माझाच राग आलाय. मावशीकडेच जमायचे ते, वडिलांकडे नाही.

सगळे गेल्यावर फडकं सोडून ते पान ह्यांच्यापुढे धरलं. वाचून म्हणाले, "बरं, असेल. एवढं काय त्यात?"

पुढच्या बैठकीला मी बसणार. चहा हे टाकतील.

उद्या पत्रात लिहायचं: ताई, चरित्राचा दुसरा भाग निघालाय का, ते उलट टपाली कळव. पाकिटावर माझं नाव घाल, ह्यांचं नको.