केतकीच्या गुडघ्याचं तेल

हाँगकाँग, १२ नोव्हेंबर १९९८

प्रिय पुंजादादा,

देवगावला आपण धुण्याच्या धोपाटण्यानं भिंतीवर चेंडू मारायचो आणि आई ओरडायची, "भिंत पडंल रं!" आठवतं? काल माझी केतकी काचेच्या भिंतींमध्ये स्क्वॉश खेळत होती आणि मला सारखा आईचा आवाज ऐकू येत होता.

जिंकली रे! गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा हा पहिलाच सामना. हरले तर खेळणं सोडून देईन, असं ती विमानात म्हणाली होती. शेवटच्या गेमला मी डोळेच मिटले. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली प्रार्थना म्हटली, खंडोबालाही हाक मारली.

"भिंतीला चेंडू मारून पोट भरतं व्हय?" असं म्हणणारा तूच, आणि तिच्यासाठी निर्गुडी खुडून आणणाराही तूच. वहिनीनं कढवलेलं ते तेल ती रोज लावते, कालच संपलं. थोडी सूज आहे, पण काळजी करू नकोस. तुझा खोकला कसा आहे?

संघाच्या मॅनेजरबाई उद्या आमच्या आधीच परत निघताहेत, त्यांच्याबरोबर सामान पाठवते. रेशमी रुमाल वहिनीला. सामन्याचा चेंडू तुला. थंड असला की तो उसळत नाही, आधी हातात चोळ. तेलाची रिकामी बाटलीही वहिनीलाच दे. म्हणावं, काठोकाठ भरून ठेव, पोरगी अजून खेळणार आहे.

तुझी धाकटी,
सरू