वावर विकून घेतलेली गाडी

बाबा, मी माझ्या वाट्याचं वावर विकलं आणि त्या पैशातून गाडी घेतली. दुसऱ्या कुणाकडून हे तुमच्या कानावर जाईल अशी भीती आता उरलेली नाही, तरी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. गाडी उंच आहे, रुंद आहे, चारही चाकांना जोर देणारी आहे, आणि महाग आहे. एवढ्या पैशात अमरावतीत दोन खोल्यांचा फ्लॅट आला असता, हे मला इतक्या जणांनी ऐकवलं आहे की तो फ्लॅट आपण आतून पाहून आलोय असंच वाटायला लागलं आहे. गाडीचा भाव पहिल्या दिवसापासून पडतो आणि जमिनीचा चढतो, हेही ऐकवलं. मी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. चढ-उतार मला कळतो.

तुमची जीप आठवते. लिलावात घेतलेली, कापडी टपाची, दाराऐवजी साखळी असलेली. हिवरखेडच्या बाजाराला निघालो की तुम्ही पुढं, धाकटा तुमच्या शेजारी, आणि आई नि मी मागच्या आडव्या बाकावर, गुडघ्याला गुडघे लावून. धाकट्याला मिसरूड फुटायच्या आधीच तुम्ही त्याच्या हाती स्टेअरिंग दिलं. मी त्याच्याहून मोठी, अकोल्याला कॉलेजात शिकणारी, आणि तो गिअर कसा टाकतो ते मागून बघत बसणारी. बघूनच शिकले मी. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस तुम्ही शेजारच्या गावी गेला आहात, जीप अंगणात आहे, किल्ली खुंटीवर आहे. मी किल्ली घेते, एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाते, तिथं वळवते, परत येते. फाटकातून जीप आत घेताना पाहते तर तुम्ही ओट्यावर उभे. तुम्ही ओरडला नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात जेवताना, ताटावरची नजर न काढता म्हणालात, "चालवली चांगली. पन पुन्हा तुह्या हातात किल्ली दिसली तं अकोल्याचं कॉलेज बंद." आईनं काही न विचारता माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली. रागावून म्हणाला असता तर मी विसरले असते, बाबा. पण 'चांगली' म्हणून मग बंदी घातली, ते काही केल्या पचलं नाही. पुढं माझ्या लग्नात तुम्ही गाडी दिलीच. मोटारसायकल. जावयाच्या नावानं.

तुम्ही गेल्यावर धाकट्यानं हक्कसोडीचा कागद आणला होता. सगळ्याच बहिणी सही करतात, तशी मीही करीन असं त्यानं धरून चाललं होतं. मी त्याला चहा दिला, पोहे दिले, सही दिली नाही. बरीच वर्षं जमीन एकत्रच राहिली. मागच्या वर्षी वाटणी झाली, आणि मला विकायचंय म्हटल्यावर त्यानंच माझा वाटा घेतला. परक्याच्या हाती धुरा, शेताचा बांध, जाऊ नये म्हणून घेतला, भाव रास्त दिला, आणि मग गावभर सांगत सुटला, "बाबाचं वावर मले माह्याच पैशानं इकत घ्या लागलं." मी फोनवर म्हटलं, "तुले ज्या वाट्याचे पैसे द्या नाई लागले, तेबी सांग लोकायले." त्यानं फोन ठेवला. दोन महिने अबोला होता.

शोरूममधला मुलगा सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता. इंजिन, हमी, सीटचं कापड. हे शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला कशाला सांगता? मी स्कूटरवाला माणूस. मॅडमशी बोला." मग तो माझ्याकडे वळला आणि प्रेमानं म्हणाला, "मॅडम, तुम्हाला फोर बाय फोरची काही गरज नाही. साधं मॉडेल घ्या. दिसायला अगदी सेम दिसते." मी त्याला विचारलं की आतापर्यंत जितक्या पुरुषांनी ही गाडी नेली त्यांतल्या किती जणांना तू गरज विचारलीस. तो हसला. मी फोर बाय फोरच घेतली.

आता खरं काय ते सांगते, कारण तुम्हाला वस्तू पारखून घ्यायची सवय होती. तेल पिते. आमच्या गल्लीत वळवताना शेजाऱ्याच्या तुळशीपाशी जीव मुठीत धरावा लागतो. मागच्या सीटवर बसणाऱ्याची कंबर बोलायला लागते. हिच्या निम्म्या किमतीची गाडी अमरावती ते अकोला याहून मऊ नेते. म्हणजे रस्त्यानं जायचं असेल तर ही घेऊ नये, कुणालाही सांगेन. पण चिखलदऱ्याच्या पलीकडं, डांबर संपतं तिथं, एका कोरड्या नाल्यात मी ती पहिल्यांदा उतरवली. दगडावर एक चाक चढलं, दुसरं हवेत राहिलं, आणि गाडी सावकाश, माझ्या पायाच्या अंदाजानं, पलीकडं गेली. शेजारी हे हँडलला घट्ट धरून बसले होते. मी इंजिन बंद केलं, उतरून मागं गेले आणि त्या दगडावरचा टायरचा ओरखडा बघत उभी राहिले. त्या ओरखड्याची किंमत कुणी मांडून दाखवावी.

पोळा झाल्यावर मी गावी गेले, अबोला मोडायचा म्हणून. पांदणीच्या कच्च्या वाटेनं थेट वावरापर्यंत गाडी घालायची असं ठरवूनच. रात्रभर पडून सकाळी उघडलेलं होतं. तुम्हाला आपली काळी माती माहीत आहे. गुरांच्या कोठ्याच्या अलीकडं पाच-पन्नास पावलांवर गाडी बसली. टायरच्या खाचा भरून चाकं गुळगुळीत काळी झाली, आणि मी जितका जोर दिला तितकी खाली गेली. धाकटा धुऱ्यावर उभा होता. दोन महिन्यांनी पहिला शब्द बोलला.

"फसली ना?"

"फसली."

"येवढे पैसे मोजून फसली. थांब, ट्रॅक्टर आन्तो."

"आनू नको."

"ताई, आयक. आमी रोज काढतो इथून गाड्या."

"म्हनूनच आनू नको. मले काढू दे."

तो बघत राहिला. मी साडी खोचली, चारही टायरांतली हवा कमी केली, कोठ्यातल्या मागच्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा ओढत आणला आणि चाकांपुढं मोडून घातला. पहिल्यांदा पऱ्हाट्याच मागं फेकल्या गेल्या. पुन्हा आणल्या. पायातली चप्पल चिखलात कुठं गेली ते अजून कळलेलं नाही. मग छोट्या गिअरला टाकून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ काढूनच घेतला. गाडी थरथरली, जरा सरकली, थांबली, आणि मग स्वतःच्या वजनानं पऱ्हाट्या मोडत बाहेर आली, म्हातारी म्हैस उठते तशी, घाई न करता.

धाकटा जवळ आला. बॉनेटवर हात ठेवला. मग लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "मले देतं का चालवाले? कोठ्यापर्यंतच."

"नाई," मी म्हटलं. "बाजूनं बस."

तो बसला, बाबा. चिखलाचे पाय बाहेर झटकून, मुकाट्यानं बसला. कोठ्यापाशी उतरताना म्हणाला, "महाग हाय, पन वाया नाई गेले तुहे पैसे." आणि जरा थांबून, "बाबा असते तं त्यायनं तुले घेऊच देल्ली नसती."

आत्ता बडनेरा स्टेशनबाहेर गाडी लावून हे लिहिते आहे. पुण्याहून लेक येते आहे, तिची ट्रेन उशिरा आहे, आणि मांडीवर वहीचा कागद आहे. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकते. धाकट्याच्या बोलण्यावर मी त्याला ताडकन उत्तर दिलं होतं, की बाबांना विचारलंच कुणी असतं. ते खरं नाही. तुम्ही असता तर मी वाटा मागितला नसता, शोरूमची पायरी चढले नसते. तुम्ही नुसतं 'नाई' म्हणाला असता आणि मी, पोरांना न्यूटन शिकवणारी बाई, मागच्या बाकावर जाऊन बसले असते. तुम्ही गेल्यावरच मला हे जमलं. वाईट वाटतं, पण गाडी परत करावीशी वाटत नाही.