कपाची कड

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिने चढू नकोस म्हटलं, तर ऐकशील ती तू कसली! गुडघ्यांना शेक दे.

आता माझं. नाक मुरडू नकोस, मलाच शिसारी आली आहे. अंगावरून जाणं, खाज, जळजळ, सगळं परत उलटलं. गोळ्या नवराबायकोने एकदमच घ्यायच्या, तोवर जवळ यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घेतल्या म्हणून त्याने माझ्या गळ्याची शपथ घेतली होती.

काल सकाळी पाहते तर सासूबाई माझ्या चहात गोळी कुटून ढवळताहेत! साळसूदपणे म्हणाल्या, आजारी तू, त्याला कशाला औषध? त्यानेच स्वतःच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, मला दुप्पट गुण यावा म्हणून. 

आणि नवरा म्हणे सलूनवाला! गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड, धुतलेला टॉवेल, कंगवा जंतुनाशकात. ते टॉवेल उकळते मी. मी नको म्हटलं की विचारतो, मग लग्न कशाला केलंस?

शिवणाच्या खोलीत गादी टाकली आहे, आतून कडी. घरात कुणी बोलत नाही. माझं चुकतंय का?

लोभ आहेच, आज जरा जास्त लागेल.
तुझी छोटी

ता. ११ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

कडी काढू नकोस. आधी हे वाच.

तुझा नवरा येऊन गेला. बायको बिघडली, तिला समजवा, म्हणाला. चहा दिला, तर खिशातून रुमाल काढून माझ्या कपाची कड पुसायला लागला! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जावईबापू, परक्या कपाची एवढी किळस, आणि आपला रोग बायकोला देताना काही वाटलं नाही? मला काय झालंय, म्हणाला. मी कप उचलून मोरीत ओतला.

वाटेल तेव्हा इकडे ये, विचारत बसू नकोस.

तुझ्याच बाजूची,
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चहाचं ऐकून किती दिवसांनी हसले!

डॉक्टरीणबाईंकडून दोघांच्या नव्या गोळ्या आणल्या आणि सरळ दुकानात गेले. खुर्च्या भरलेल्या. कंगव्यांशेजारी गोळी आणि पाणी ठेवलं. घरी जा, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. मी म्हटलं, गिळल्याशिवाय हलणार नाही, कशाची गोळी ते कुणी विचारलं तर सांगेन. गिळली. मी तोंड उघडायला लावून जिभेखालीही पाहिलं. शी! पुढच्याही तशाच घेतल्या.

आता दोघांचाही रिपोर्ट चांगला आहे. रविवारी दुपारी अत्तर लावून दारात आला. सगळं स्वच्छ झालं, आता उघड, म्हणाला. मी आतून सांगितलं, आजार गेला, तुझी किळस नाही गेली. कधी जाईल, त्याने विचारलं. मला माहीत नाही म्हणाले आणि मशीनवर बसले. 

गुडघे जप. माया कमी करू नकोस.
तुझी छोटी

ता. क. दुकानाचे टॉवेल आता तोच उकळतो. माझा चहा मी स्वतः करते.